डेट्रॉइटने गमावलेला पिचर

पिचर : बेसबॉलमध्ये फलंदाजाकडे चेंडू फेकणारा खेळाडू.

सौदा : १२ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट टायगर्स संघाने, चालू हंगामातील विजयाच्या निकडीपोटी, ३६ वर्षांच्या अनुभवी डॉयल अलेक्झांडरच्या मोबदल्यात, मिशिगनमध्येच वाढलेला आणि प्रमुख लीगमध्ये अद्याप पदार्पणही न केलेला २० वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ अटलांटा ब्रेव्ह्जच्या हवाली केला.

तात्कालिक फळ : अलेक्झांडरने उर्वरित साखळीत ९ विजय मिळविले, पराभव एकही नाही, टायगर्सना विभागीय विजेतेपद लाभले. (हळहळणाऱ्या चाहत्यांना याचे सहसा विस्मरण होते.) १९८९च्या हंगामानंतर तो निवृत्त झाला.

स्मोल्ट्झ : सर्वोत्तम पिचरला दिला जाणारा साय यंग पुरस्कार (१९९६), कारकिर्दीत २१३ विजय आणि १५४ ‘सेव्ह’, म्हणजे निसटती आघाडी अखेरपर्यंत राखल्याच्या नोंदी. हॉल ऑफ फेममध्ये समावेश २०१५ साली.