उपदेशक नव्हे, समुपदेशक

केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'च्या राष्ट्रीय व्यसन उपचार केंद्राने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ साली प्रसिद्ध झाला. दारूमुळे ज्यांचे आरोग्य वा संसार धोक्यात आला आहे आणि ज्यांना मदतीची गरज आहे, अशांची संख्या या अहवालाने सुमारे ५ कोटी ७० लाख इतकी सांगितली. गर्द, अफू व तत्सम पदार्थांच्या बाबतीत हा आकडा ७७ लाखांच्या घरात होता. याहून अस्वस्थ करणारा आकडा पुढे आहे. दारूवर पूर्णपणे अवलंबून असलेल्या दर ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचे उपचार मिळाले होते. रुग्णालयात दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांमागे एक. खाटा वाढविता येतात, औषधे विकत आणता येतात. परंतु व्यसनी माणसाशी आणि त्याच्या घरच्यांशी महिनोन् महिने बोलत राहणारा जाणता माणूस विकत मिळत नाही. तो घडवावा लागतो.

हा माणूस म्हणजे व्यसनमुक्ती समुपदेशक. समाजकार्य वा मानसशास्त्र शिकणाऱ्या अनेक तरुणांना हे क्षेत्र खुणावते. मात्र व्यसनाचे दुष्परिणाम पटवून सांगणे म्हणजेच समुपदेशन, असा समज घेऊन आलेल्याला प्रशिक्षणाच्या पहिल्याच आठवड्यात धक्का बसतो. दारू वाईट आहे हे दारुड्याला कोणी सांगावे लागत नाही. आई, बायको, मुले, साहेब, शेजारी या सर्वांनी ते शेकडो वेळा सांगून झालेले असते. उपदेश हा आधीच हरलेला उपाय असतो.

मग शिकायचे काय? केंद्रात आलेल्या माणसाचे पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते, "मला व्यसन वगैरे काही नाही, बायको कटकट करते म्हणून आलो." अशिक्षित उत्साह येथे वादाला उभा राहतो आणि समोरचा अधिकच घट्ट मिटतो. प्रशिक्षित समुपदेशक म्हणतो, "म्हणजे घरातले वातावरण तापले आहे. त्याचा तुम्हालाही त्रास होत असणार." माणूस स्वतःविषयी बोलू लागतो आणि बोलता बोलता बदलाची कारणे त्याच्याच तोंडून बाहेर पडतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली ही पद्धत प्रथम मांडली. पुढे स्टीफन रोलनिक यांच्या साहाय्याने त्यांनी ती विकसित केली आणि आज व्यसनमुक्तीच्या प्रशिक्षणात तिला महत्त्वाचे स्थान आहे. वाचायला सोपी, आचरायला महाकठीण अशी ही विद्या आहे. कारण सल्ला देण्याची आपली जन्मजात खोड तिच्या आड येते.

ऐकण्याइतकेच नेमके विचारणेही शिकावे लागते. "रोज एक क्वार्टर" असे उत्तर आले, तर त्याचा अर्थ कळला पाहिजे. १८० मिलिलिटर व्हिस्की वा रममध्ये सुमारे ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, म्हणजे ३० मिलिलिटरचे सहा पेले. जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेली दहा प्रश्नांची चाचणी याच कामी येते. तिच्या ४० गुणांपैकी किती पडतात, यावरून केवळ सल्ला पुरेल की तज्ज्ञांकडे पाठवावे लागेल, याचा अंदाज बांधता येतो.

वैद्यकशास्त्राचा काही भाग मात्र समुपदेशकाला तोंडपाठ असावाच लागतो. अनेक वर्षे रोज पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली, तर काही तासांतच हातांना कंप सुटतो, दरदरून घाम येतो. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान भ्रम, भास आणि ताप यांची अवस्था उद्भवली व उपचार मिळाले नाहीत, तर रोगी दगावू शकतो. 'निश्चय केला, खोलीत कोंडून घेतले' असल्या कथा आपल्याकडे कौतुकाने सांगितल्या जातात. त्या प्राणघातक ठरू शकतात, हे कुटुंबीयांना सांगण्याची जबाबदारी समुपदेशकावर असते. गर्दच्या बाबतीत चित्र उलटे. ते सोडताना यातना असह्य होतात, पण सहसा जीव जात नाही. धोका नंतर असतो. काही आठवडे दूर राहिल्यावर शरीराची सहनशक्ती घटलेली असते आणि तेव्हा घेतलेली जुनीच मात्रा प्राणावर बेतते. हे ज्ञान औषध लिहून देण्यासाठी नव्हे, तर डॉक्टरांना वेळेवर बोलावण्यासाठी आहे.

'दारुड्याला न कळत दारू सोडवा' अशा जाहिराती भिंतींवर आणि रेल्वेच्या डब्यांत कोणी पाहिल्या नाहीत? डायसल्फिराम नावाच्या औषधावर दारू प्यायल्यास तीव्र प्रतिक्रिया उमटते. ते रोग्याच्या संमतीने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. त्याला न सांगता आमटीत कालवले, तर हृदयावर विपरीत परिणाम होऊ शकतो. पदरात पुडी बांधून आलेल्या बाईला हे सांगायचे, तिला न दुखावता सांगायचे आणि तिच्या हतबलतेची दखलही घ्यायची. कुटुंब समुपदेशनाचा खरा कस अशा वेळी लागतो.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा जुनी आहे. फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत वांद्रे येथे 'कृपा फाउंडेशन' सुरू केले. ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली 'मुक्तांगण'ची स्थापना केली. अनिल अवचटांचे गर्दवरील लेखन वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्यासाठी आर्थिक हातभार लावला, हा इतिहास मराठी वाचकांना परिचित आहे. या दोन्ही संस्थांचे एक वैशिष्ट्य असे की, येथे बरे झालेले रुग्णच पुढे कार्यकर्ते झाले. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपींच्या भेटीतून जन्मलेल्या 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'चे तत्त्वही हेच: बुडालेल्याला बुडालेल्याची भाषा कळते.

परंतु स्वानुभव म्हणजे प्रशिक्षण नव्हे. 'मी असा सुटलो, तूही तसाच सुटशील' हा आग्रह समोरच्यावर अन्याय करतो. शिवाय दुसऱ्याच्या ओढीची वर्णने दिवसभर ऐकताना स्वतःची ओढ जागी होण्याचा धोका असतोच. म्हणूनच पुरेसा काळ व्यसनमुक्त राहिल्यानंतरच अशा व्यक्तीला कामावर घ्यावे आणि तिच्यावर सतत ज्येष्ठांची देखरेख असावी, असा दंडक चांगल्या संस्था पाळतात. पदवी घेऊन आलेल्याची अडचण वेगळी. त्याला सिद्धांत ठाऊक असतात, पण वॉर्डातली शिवी ऐकून तो गांगरतो. उत्तम केंद्रात हे दोघे शेजारी बसून काम करतात आणि एकमेकांकडून शिकतात.

प्रशिक्षणाने किती साधते, याचे एक भक्कम उत्तर गोव्यातून मिळाले आहे. तेथील 'संगात' या संस्थेने मानसोपचाराची पूर्वपीठिका नसलेल्या स्थानिक व्यक्तींना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून नेमले. हानिकारक मद्यपान करणाऱ्या पुरुषांना त्यांच्याकडून जास्तीत जास्त चार बैठका मिळत. 'लॅन्सेट'मध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के, तर ते न मिळालेल्यांपैकी २६ टक्के पुरुष धोक्याच्या पातळीबाहेर आले होते. पूर्णपणे दारूच्या आहारी गेलेले रुग्ण या प्रयोगात नव्हते, हे ध्यानात ठेवले पाहिजे. या समुपदेशकांच्या बैठका ध्वनिमुद्रित केल्या जात. नंतर सर्व सहकारी एकत्र बसून त्या ऐकत, गुण देत, चुका दाखवीत. आपलाच आवाज ऐकताना 'येथे मी त्याला बोलूच दिले नाही' हे उमगते, आणि ते कोणत्याही पाठ्यपुस्तकातून उमगत नाही.

हाच आकडा उलटा वाचला, तर चांगले समुपदेशन मिळूनही दर तिघांपैकी सुमारे दोघे तीन महिन्यांनी धोक्याच्या पातळीतच होते. व्यसनाची पुनरावृत्ती हा या आजाराचाच भाग आहे. तिसऱ्यांदा दाखल झालेल्या रुग्णाचे 'पुन्हा आलास?' ऐवजी 'आलास ते बरे झाले' असे स्वागत करता येणे, हे कौशल्य बहुतेकांना सरावानेच साधते. ज्यांना ते साधत नाही, ते दोन-तीन वर्षांत थकून क्षेत्र सोडतात.

कायद्याची ओळखही आता टाळता येत नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित अवस्थांना मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतले आहे. त्यामुळे रुग्णाला साखळदंडाने बांधणे हा गुन्हा ठरतो आणि त्याची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक होते. शिस्तीच्या नावाखाली मारहाण करणाऱ्या केंद्रांच्या बातम्या अधूनमधून छापून येतात. अशा ठिकाणी नोकरी पत्करणारा नवखा समुपदेशक नकळत त्या गुन्ह्यात भागीदार होतो.

शिक्षणाचा नेहमीचा मार्ग समाजकार्य वा मानसशास्त्रातील पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमाचा. मुंबईतील टाटा समाज विज्ञान संस्था व निर्मला निकेतन, पुण्यातील कर्वे समाज सेवा संस्था ही त्यातील परिचित नावे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायचे, तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. बंगळुरूच्या 'निम्हान्स'मध्ये व्यसनोपचाराचा स्वतंत्र विभाग आहे. आधीपासून केंद्रांत काम करणाऱ्यांसाठी दिल्लीची राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्था अल्पमुदतीची प्रशिक्षणे घेते. समुपदेशकांच्या नोंदणीला आकार देण्याची तरतूद २०२१ च्या संलग्न आरोग्य व्यावसायिक कायद्यात झाली आहे.

स्वयंसेवी केंद्रांतील मानधन बेताचे असते; रात्रपाळी आणि सणासुदीची कामे चुकत नाहीत. गटारी अमावास्या, धुळवड आणि ३१ डिसेंबर हे या मंडळींचे सर्वांत धावपळीचे दिवस. प्रवेश घेण्यापूर्वी इच्छुकांनी संस्थेला तीन गोष्टी अवश्य विचाराव्यात: प्रत्यक्ष रुग्णांसोबत किती तास काम करावयास मिळेल, त्या कामावर देखरेख कोण ठेवील, आणि समुपदेशकच खचला तर त्याने कोणाकडे जायचे.