ओळखा पाहू, नाणे कुठले?

नाणी जमवणारे लोक एक खेळ खेळतात. एकाने अनोळखी नाणे पुढे ठेवायचे; बाकीच्यांनी त्याचा देश ओळखायचा. एकदा आम्हीही या खेळाला बसलो.

नाणे पिवळेधमक, मधोमध भोक. एकजण म्हणाला, "सोन्याचं दिसतंय!" दुसरा म्हणाला, "छे! हा आपला जुना भोकाचा पैसा."

आपला तो पैसा १९४३ ते १९४७ या काळात निघाला. पण त्याचा रंग तांबूस. हे नाणे होते पितळेचे.

नाण्यावर ओळखीचा आकडा नाही. अक्षरे चिनी वळणाची. वाचावे कसे? मग आम्ही चित्रे वाचली. वाकलेली भाताची लोंबी, म्हणजे शेती. आडव्या रेघा, म्हणजे पाणी. भोकाभोवती चाकाचे दाते, म्हणजे कारखाने.

पण देश चीन की जपान? इथं गाडं अडलं. शेवटी पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले. नाणे जपानचे, पाच येनचे! येन म्हणजे तिथला पैसा. या नाण्याला १९४९ पासून भोक आहे.

मंडळी, अंदाज जरूर बांधावा, पण तो ताडून पाहावा. उद्या बाजारात कोणी पिवळे नाणे सोन्याचे म्हणून पुढे केले, तर आधी जाणकाराला दाखवा. पिवळे तेवढे सोने नव्हे.