जर्मन शिकावी, पण मराठीच्या जागी नव्हे

गेल्या उन्हाळ्यात निर्मलजवळच्या एका खेड्यातील पालक आमच्याकडे आले. घरातील दोघे जण आखातात राबून परतलेले. मुलगा आठवीत. त्यांनी विचारले, "सर, पोराला मराठी सोडून जर्मन घेता येईल का? नर्सिंगवाल्यांना तिकडं बोलावतात म्हणे." समितीच्या बैठकीत हे सांगितले तेव्हा काही सभासद हसले. आम्हांला मात्र हसू आले नाही. ज्या भागातून पिढ्यान् पिढ्या माणसे दुबई-मस्कतला मजुरीसाठी जातात, तेथील बापाने भाषेच्या जोरावर दुसरा रस्ता शोधावा, यात चूक काय?

रस्ता आहे, हे खरे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतील बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाबाबत करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात जर्मनीने भारतीय कुशल कामगारांच्या व्हिसाची वार्षिक संख्या २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचे जाहीर केले. परंतु दारावर भाषेची चौकी आहे. परिचारिकेला साधारणपणे बी-२ पातळीपर्यंत जर्मन यावी लागते. कारखान्यात पगार घेत दोन ते साडेतीन वर्षे धंदा शिकण्याची जी तिकडची पद्धत आहे, तिच्यासाठीही बी-१च्या आसपास तयारी लागते. ए-१पासून तेथवर पोहोचणे हे दोन-चार महिन्यांत घोकंपट्टीने होणारे काम नव्हे. म्हणून आठवी-नववीत पाया घालावा, असे आमचे मत झाले.

आता मुद्द्याची गोष्ट. जर्मनसाठी मराठी सोडणे म्हणजे विहीर खणायला निघताना कुदळ घरी ठेवण्यासारखे आहे. जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत : देर, दी, दास. इंग्रजी माध्यमाचे मूल येथेच अडखळते. हिंदीत लिंगे दोनच. तेलुगूत 'ती' आणि 'ते' यांना एकवचनात क्रियापदाचे रूप एकच. आमचे मूल मात्र तो, ती, ते बोलतच मोठे होते. जर्मनमध्ये मुलीला 'मेडशेन' म्हणतात आणि तो शब्द नपुंसकलिंगी आहे, हे ऐकून इतरांना आश्चर्य वाटते. 'ते पोरगं' म्हणणाऱ्याला ते का वाटावे? (लिंग प्रत्येक शब्दागणिक पाठच करावे लागते, हे खरे, पण ती खोड आपल्याला जुनीच.) तेलुगूत 'इरवै ऐदु' म्हणजे आधी वीस, मग पाच. जर्मन माणूस आधी पाच म्हणतो, मग वीस, आपल्या पंचवीससारखेच. 'वेळ' या अर्थाचा जर्मन शब्द इंग्रजी वळणाचे मूल 'झाइट' असा वाचते. त्यातील पहिला वर्ण म्हणजे आपल्या 'चाक'मधला च! विभक्ती म्हणाल तर तेथे चारच आहेत. ज्याने मराठी व्याकरण मन लावून केले, त्याचे निम्मे ओझे उतरले.

उलट दिशेनेही पाहावे. हायडेलबर्गच्या दक्षिण आशिया संस्थेतील गुंथर सोन्थायमर (१९३४–१९९२) मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर हिंडले. बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांवरचा त्यांचा जर्मन ग्रंथ १९७६ साली निघाला. आपला खंडोबा आणि तेलंगणातील मल्लण्णा यांचे नाते त्यांनी अभ्यासले. आपण जत्रेत दोन्ही देवांचा भंडारा कपाळी लावतो, पण ते नाते समजून घ्यायला जर्मनीहून माणूस यावा लागला! असो.

प्रश्न आहे तो वेळापत्रकाचा. २०१८च्या कायद्याने तेलंगणात दहावीपर्यंत तेलुगू सक्तीची आहे, आणि ज्या राज्यात राहतो त्याची भाषा यायलाच हवी. त्यात मराठी, हिंदी, इंग्रजी. पाचवी भाषा परीक्षेचा विषय म्हणून घुसवली तर मूल कोलमडेल. आणि एक भाषा काढायची वेळ आली की पहिली कुऱ्हाड कोणावर पडते, हे मुधोळ-भैंशाच्या मराठी शाळांतील शिक्षकांना सांगायला नको. केंद्रीय विद्यालयांत २०११च्या करारानंतर जर्मन तिसरी भाषा म्हणून आली आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये भर वर्षात तिच्या जागी संस्कृत आणण्याचा निर्णय झाला. संस्कृतबद्दल आम्हांला आदरच आहे. पण सहामाही उलटल्यावर मुलांची वही बदलायला लावणे, हे कोणत्या अध्यापनशास्त्रात बसते?

पालकांना खर्चाची बाजूही स्पष्ट सांगावी. तिकडच्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीचे शुल्क नाही, हे अर्धेच सत्य. ज्या राज्याशी करार झाला, तेथेच भारतीय विद्यार्थ्याला सत्राला १५०० युरो भरावे लागतात; शिवाय व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याच्या खर्चापोटी सुमारे १२ हजार युरो आधी दाखवावे लागतात. शेतकऱ्याच्या घरात एवढी रक्कम निघत नाही. म्हणून पदवीपेक्षा नर्सिंग आणि आयटीआयच्या मुलांनी या भाषेकडे अधिक लक्ष द्यावे. हातात कसब आणि तोंडात भाषा, दोन्ही हवीत. एजंटाला पैसे देण्याआधी परीक्षेचे प्रमाणपत्र कोणते चालते, हे हैदराबादच्या गोएथे केंद्रात विचारून घ्यावे.

त्या पालकांना आम्ही सांगितले : मराठी राहू द्या, शाळा सुटल्यावर आठवड्यातून तीन दिवस तासभर मुलाला पाठवा. शिक्षक मिळेपर्यंत पुस्तक आणि ध्वनिफितीवर ए-१चे धडे सुरू करू. दसऱ्यानंतरचा मुहूर्त धरला आहे. आजवर अकरा मुलांची नावे आली आहेत, त्यांत सात मुली. वर्गाला खोली मिळाली आहे. जर्मन जाणणारे कोणी नांदेड, धर्माबाद वा निजामाबादेत असतील व महिन्यातून एक रविवार देऊ शकतील, तर त्यांनी या दैनिकाच्या कार्यालयात निरोप ठेवावा. येण्याजाण्याचे भाडे समिती देईल.