चित्रावरून उभे राहिलेले शहर?

कोल्हापूरजवळ वळिवड्यात 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, हे आपल्याकडे अनेकांना ठाऊक आहे. त्यांच्या देशाची राजधानी वॉर्सा याच काळात बेचिराख झाली. 1944 च्या उठावानंतर नाझींनी घरे ठरवून पाडली. जुन्या शहराचा 85 टक्क्यांहून अधिक भाग नष्ट झाला. तरीही ते पुन्हा उभे राहिले, आणि त्या कामी अठराव्या शतकातल्या एका इटालियन चित्रकाराची चित्रे उपयोगी पडली.

बेर्नार्दो बेल्लोत्तो हा व्हेनिसचा. प्रसिद्ध चित्रकार कानालेत्तो हा त्याचा मामा आणि गुरू. मामाचे नाव तोही लावत असे. पोलंडमध्ये आजही त्याला कानालेत्तोच म्हणतात. राजा स्तानिस्लाव ऑगस्टच्या दरबारी राहून त्याने वॉर्साची चित्रे काढली. त्यांतले 1770 चे, प्रागाकडून दिसणारे वॉर्सा मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. प्रागा म्हणजे व्हिस्टुला नदीचा पूर्वकाठ. पुढे नदीचे पात्र, पलीकडे चढावर राजवाडा, घरे आणि चर्चचे मनोरे, असे सारे शहर अडीच मीटरहून रुंद कॅनव्हासवर आहे.

रेखाटनासाठी बेल्लोत्तो कॅमेरा ऑब्स्क्युरा ही पेटी वापरत असे. भिंगातून आत आलेले दृश्य आरशावरून कागदावर पडते. त्याच्या कडा गिरवायच्या. पण पेटी समोरची बाजू तेवढी दाखवते. मागची भिंत, खोल्यांची मापे, जिन्याची जागा चित्रात येत नाही. शिवाय दृश्य शोभिवंत व्हावे म्हणून चित्रकार फेरफार करतो. बेल्लोत्तोनेही ते केले.

म्हणून चित्रांवरून वॉर्सा उभे राहिले, ही गोष्ट अर्धीच खरी. युद्धापूर्वी तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या वास्तुशास्त्र विभागाने जुन्या घरांची मापे घेऊन नकाशे केले होते. ते शहराबाहेर एका मठात दडवल्यामुळे वाचले. दर्शनी रूप चित्रांनी सांगितले, मापे नकाशांनी. अनेक घरे 1939 मध्ये होती तशी न बांधता अठराव्या शतकातल्या रूपात बांधली गेली. 1980 मध्ये हे जुने शहर युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आले.

वळिवड्यातल्या बहुतेकांच्या वाट्याला हे आले नाही. ते पूर्व पोलंडचे; युद्धानंतर तो मुलूख सोव्हिएत संघात गेला. त्यांची आठवण कोल्हापुरात महावीर उद्यानातल्या स्मारकाने जपली आहे.

आमचे गगनबावडा ही पंत अमात्यांची जहागीर. जिल्ह्यातला सर्वाधिक पाऊस पडणाऱ्या भागांपैकी हा एक. इथे माती आणि लाकूड पाहता पाहता खचते. जुन्या घरांचे फोटो आता प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये असतात, पण फोटोही समोरचीच बाजू दाखवतो. घर उभे आहे तोवर फीत लावून मापे घ्यावीत, कागदावर आराखडा काढावा आणि त्याची एक प्रत गावाबाहेर ठेवावी. वॉर्साला तारून नेणारी गोष्ट एवढीच होती.