पाठीवर चालणारी अळी

मे महिन्यातली गोष्ट. माहूरच्या डोंगरपायथ्याशी एका शेतकऱ्याच्या उकिरड्याजवळ मी उभा होतो. खत उपसताना पांढऱ्या, जाडजूड, अर्धगोल वळलेल्या अळ्या निघाल्या. "सर, खताला हुमणी लागली हो. औषध ओतू का?" त्याने विचारले. वर्षभर साठवलेले खत होते ते.

त्याची भीती खोटी नव्हती. हुमणीचे, म्हणजे होलोट्रिकिया सेराटाचे, तांबूस भुंगेरे वळवाच्या पावसानंतर तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात आणि कडुनिंब-बाभळीवर जमतात. त्यांच्या अळ्या पुढे ऊस, सोयाबीन, हळदीची मुळे कुरतडतात. पण शेणखतात दिसणारी प्रत्येक पांढरी अळी हुमणी नसते.

मी परात मागवली आणि मूठभर अळ्या तिच्यात सोडल्या. जराशाने बहुतेक अळ्या उताण्या झाल्या आणि पाय आभाळाकडे करून पाठीवरच सरळ चालू लागल्या! ही खूण फुलांवर येणाऱ्या भुंगेऱ्यांची. प्रोटेशिया हा त्यांतलाच एक वंश. या अळ्यांचे डोके लहान, पाय आखूड. त्या कुजलेले शेण-पाचोळा खाऊन त्याच्या बारीक गोळ्या करतात. म्हणजे खत कुजवण्याचे आपलेच काम करतात. हुमणी मात्र कुशीवर पडून राहते आणि तिचे पाय लांब असतात.

दोन अळ्या उताण्या झाल्या नाहीत. अशा वेळी भिंगातून शेपटाकडचे टोक पाहावे. गुदद्वाराची चीर तीन फाट्यांची असेल तर हुमणीच्या कुळातली. आडवी असेल तर गेंड्या भुंग्यासारखी शेणात वाढणारी दुसरी अळी. शंका राहिली तर डबीत घालून कृषी विज्ञान केंद्रात दाखवावी.

अळीवरून कूळ कळते, नेमकी जात नाही. त्यासाठी अळी खतासकट बरणीत वाढवून भुंगेरा निघण्याची वाट पाहावी लागते. दिवसा, वरचे टणक पंख मिटलेले ठेवूनच उडतो तो फुलांवरचा. त्यातही अनेक जाती इतक्या सारख्या, की नराचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच नाव ठरते.

शेतकऱ्याला एवढ्या खोलात जायचे कारण नाही. त्याने त्या दोन अळ्या वेगळ्या काढल्या आणि औषधाची बाटली परत ठेवली. तुम्हीही बाटली उघडण्याआधी परात आणा.