खोडदच्या तबकड्या, फर्मीचा माग

सूर्यापेक्षा जड, पण आकाराने जेमतेम पुणे शहराएवढा तारा स्वतःभोवती सेकंदाला शेकडो गिरक्या घेतो, हे 1982 पर्यंत कुणाच्या ध्यानीमनी नव्हते. तोवर माहीत असलेल्या स्पंदकांपैकी, म्हणजे फेरीगणिक रेडिओ लहरींचा ठोका देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्यांपैकी, सर्वांत वेगवान होता खेकडा तेजोमेघातला, सेकंदाला सुमारे 30 फेऱ्यांचा. त्या वर्षी पोर्तो रिकोतल्या अरेसिबो दुर्बिणीने 642 फेऱ्यांचा स्पंदक टिपला. डॉन बॅकर यांच्या त्या चमूत बर्कलीत पीएच.डी. करणारा एक तरुण होता: कुरुंदवाडला जन्मलेले श्रीनिवास कुलकर्णी.

एवढा वेग आला कुठून? बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील व्ही. राधाकृष्णन आणि जी. श्रीनिवासन यांनी त्याच वर्षी उत्तर सुचवले. मंदावलेला न्यूट्रॉन तारा जोडीदार ताऱ्याचे द्रव्य ओढून घेतो आणि त्या माऱ्याने पुन्हा गरगरू लागतो. असे तारे म्हणजे मिलिसेकंद स्पंदक.

ते सापडणे मात्र कर्मकठीण. संदेश क्षीण असतो. वाटेतल्या इलेक्ट्रॉनांमुळे कमी वारंवारतेच्या लहरी मागे रेंगाळतात आणि ठोका फिसकटतो. हा विलंब आधी ठाऊक नसल्याने हजारो किमती एकेक करून लावून पाहाव्या लागतात. तारा जोडीदाराभोवती फिरत असेल, तर ठोक्याचा वेगही निरीक्षण चालू असतानाच बदलत राहतो. सगळ्या आकाशावर एवढी आकडेमोड करायची, तर संगणक कितीही असले तरी अपुरेच.

11 जून 2008 रोजी नासाची फर्मी दुर्बीण अवकाशात गेली आणि शोधाची दिशाच बदलली. तिच्या गॅमा किरणांच्या नकाशात शेकडो अनोळखी ठिपके उमटले. त्यांतले बरेच मिलिसेकंद स्पंदक असावेत, असा संशय होता. रेडिओवाल्यांना आता नेमका पत्ता मिळाला.

हा पत्ता घेऊन नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीणही कामाला लागली. 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या. त्यांतल्या 14 खोडदच्या मध्यवर्ती आवारात, उरलेल्या 16 तीन दिशांना फाकलेल्या. भास्वती भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये जाहीर केलेला जे1544+4937 हा याच मोहिमेतला शोध. 2.16 मिलिसेकंदांत एक फेरी, आणि 2.9 तासांत प्रदक्षिणा पुरी करणारा चिमुकला जोडीदार, ज्याचे वस्तुमान सूर्याच्या दोन टक्क्यांच्या आसपास.

या जोडीची खरी गंमत ग्रहणात आहे. स्पंदकाच्या माऱ्याने जोडीदाराचे द्रव्य उडत असते. 322 मेगाहर्ट्‌झवर ऐकले, तर प्रत्येक प्रदक्षिणेत 13 टक्के वेळ, म्हणजे वीस-बावीस मिनिटे, स्पंदक गप्प होतो. त्याच वेळी 607 मेगाहर्ट्‌झवर तो ऐकू येत राहतो. म्हणजे वाट अडवतो तो जोडीदाराचा घन गोळा नव्हे, तर त्याच्याभोवतीचा विद्युतभारित वायू. कमी वारंवारतेवर काम करणाऱ्या दुर्बिणीलाच असले बारकावे सापडतात.

पुढची पायरी नेमक्या जागेची. जयंत रॉय आणि भट्टाचार्य यांनी ठोका चालू असतानाचे आणि नसतानाचे चित्र वेगळे काढून एकातून दुसरे वजा केले. स्थिर स्रोत पुसले गेले, लुकलुकणारा तेवढा उरला. अशा रीतीने जीएमआरटीच्या पाच स्पंदकांची जागा एका कोनीय सेकंदापर्यंत पक्की झाली.

मग उपकाराची परतफेड. फर्मीला एखादा फोटॉन मिळतो तोवर स्पंदकाच्या असंख्य फेऱ्या झालेल्या असतात. नुसत्या त्या नोंदींतून ताल हाती लागणे अवघड. खोडदहून मिळालेले फेरीचे आणि कक्षेचे गणित हाताशी धरून जे1544+4937 कडून आलेले फोटॉन एकावर एक रचले, तेव्हा गॅमा किरणांतही तोच ठोका उमटला.

आज फर्मीच्या तिसऱ्या स्पंदक-सूचीत 294 गॅमा स्पंदक आहेत आणि त्यांतले जवळपास निम्मे मिलिसेकंद जातीचे. यांतल्या अतिशय नियमित स्पंदकांचा उपयोग घड्याळांसारखा होतो. जून 2023 मध्ये जगभरच्या गटांनी या घड्याळांच्या ठोक्यांतल्या बारीक फरकांवरून अतिमंद गुरुत्वीय लहरींचे पुरावे मांडले, तेव्हा युरोपीय गटाच्या विश्लेषणात भारतीय गटाची, म्हणजे खोडदची, निरीक्षणेही सामील होती.