माहूरच्या घाटात टर्बो

किनवटहून सारखणी, वाई बाजार ओलांडून माहूरकडे येणारा रस्ता सागाच्या जंगलातून वळणे घेत येतो. गावातून पुढे रेणुकामातेच्या मंदिराकडे चढ लागतो, आणि तिथून दत्तशिखर, अनसूयेचे शिखर. गाडी चालवण्याची खरी हौस असलेल्या माणसाला मराठवाड्यात इतकी वळणे एका ठिकाणी क्वचितच मिळतात. नवरात्रातली गर्दी सोडली, तर पहाटे इथे दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये गाडी खेळवण्यात जो आनंद आहे, तो सहा पदरी महामार्गावर नाही. त्यामुळे या भागातला एखादा तरुण शिक्षक किंवा कृषी सेवा केंद्राचा मालक ‘स्वस्तात स्पोर्ट्‌स कार मिळेल का’ असे विचारतो, तेव्हा मला तो प्रश्न चैनीचा वाटत नाही. मात्र उत्तर देताना मी आधी नकाशा काढतो. माहूरहून नांदेड सव्वाशे किलोमीटरच्या पुढे आणि पुणे साडेपाचशेच्या पुढे. कोणती गाडी परवडेल याचा निम्मा निकाल या दोन आकड्यांत लागतो.

दोन आसनांची, बुटकी, खरीखुरी स्पोर्ट्‌स कार आपल्याकडे सामान्य माणसाच्या आवाक्यात कधी फारशी आलीच नाही. प्रयत्न झाले, आणि तेही आपल्या शेजारीच. सॅन मोटर्सने गोव्यात ‘सॅन स्टॉर्म’ नावाची फायबरच्या बॉडीची दोन आसनी गाडी बनवली. तिला रेनॉचे १.२ लिटरचे, साठेक अश्वशक्तीचे इंजिन होते. ती मोजक्याच संख्येने विकली गेली. पुढे २०१२च्या दिल्ली ऑटो एक्स्पोत ‘डीसी अवंती’ आली. तिचे इंजिनही रेनॉचेच, दोन लिटर टर्बो, २५० अश्वशक्तीचे. या दोन्ही गाड्या आज जुन्या बाजारात दिसल्या तर पाहाव्यात, फोटो काढावेत आणि पुढे जावे. काच फुटली किंवा दरवाजाचे कुलूप बिघडले तर सुटा भाग आणायचा कुठून, याला उत्तर नाही. अवंतीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट खरेदीदाराने लक्षात ठेवावी. डिसेंबर २०२०मध्ये मुंबई पोलिसांनी एकाच इंजिन-चेसी क्रमांकावर एकाहून अधिक गाड्यांची नोंदणी झाल्याच्या आरोपावरून गुन्हा दाखल केला होता. आरोप हा आरोपच. पण कोणतीही जुनी गाडी घेताना चेसीवरचा कोरीव क्रमांक स्वतः वाकून आरसी बुकाशी जुळवून पाहायची सवय त्यातून लागली तरी पुरे.

म्हणून आपल्याकडे परवडणारी स्पोर्ट्‌स कार म्हणजे चार मीटरच्या आतली, घरच्यांनाही बसता येईल अशी, पण जोरकस इंजिनाची छोटी गाडी. यातल्या नावाजलेल्या गाड्या पुणे जिल्ह्यातच तयार झाल्या. रांजणगावच्या कारखान्यातून फियाटची ‘अबार्थ पुंटो’ २०१५मध्ये बाहेर पडली: १.४ लिटर टी-जेट इंजिन, १४५ अश्वशक्ती, चारही चाकांना डिस्क ब्रेक, किंमत दहा लाखांच्या किंचित आत. चाकणच्या कारखान्यात फोक्सवॅगनची ‘पोलो’ २००९च्या अखेरीपासून २०२२पर्यंत बनत होती. तिची ‘जीटी टीएसआय’ २०१३मध्ये आली, १.२ लिटर, १०५ अश्वशक्ती. २०२०मध्ये त्या इंजिनाच्या जागी एक लिटरचे ११० अश्वशक्तीचे इंजिन आले. या दोघींच्याही आधी, सचिन तेंडुलकर जिची जाहिरात करत असे, ती फियाटची ‘पालिओ’ १.६ होती. आपल्या पिढीतल्या अनेकांचे पहिले प्रेम तीच. पण आज ती वीस वर्षांच्या पुढे गेली आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. एप्रिल २०२२मध्ये मोटारीसाठी हे शुल्क सहाशेवरून पाच हजारांवर गेले, शिवाय पर्यावरण कर वेगळा. पालिओ आठवणीतच ठेवावी असे माझे मत आहे.

अबार्थबद्दल मला ममत्व आहे, म्हणून तिच्याविषयी जरा जास्त लिहितो. स्टिअरिंगचा वजनदारपणा, टर्बो जागा झाल्यावर पाठीला बसणारा रेटा, हे या किमतीत दुसरीकडे मिळत नाही. पण फियाटने भारतात मोटारी विकणे २०१९मध्ये थांबवले. फियाटचे १.३ लिटरचे मल्टीजेट डिझेल इंजिन मारुती आणि टाटांच्या गाड्यांतही होते, म्हणून त्याचे भाग तालुक्याच्या गावातही मिळतात. टी-जेटचे तसे नाही. टर्बो, सेन्सर, अबार्थचे खास सस्पेन्शन यांसाठी पुण्या-मुंबईकडेच पाहावे लागते. टायमिंग बेल्ट किलोमीटर कमी झाले असले तरी वयाने जुना होतो, आणि तो तुटला तर इंजिनच उघडावे लागते. शिवाय गाडी जमिनीपासून १५५ मिलिमीटर, साध्या पुंटोपेक्षा बरीच खाली. आपल्याकडे गावच्या वेशीवर रबरी पट्ट्याऐवजी मातीमुरुमाचा उंचवटा घातलेला असतो. पाच माणसे बसवून त्यावरून गेलात तर चेंबर घासलाच म्हणून समजा. चेंबर फुटला आणि ऑइल गळून गेलेले वेळेत कळले नाही, तर दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो. अबार्थ नांदेड, लातूर शहरात राहणाऱ्याने, आणि तीही दुसरी गाडी म्हणून घ्यावी. माहूरसारख्या ठिकाणी एकुलती एक गाडी म्हणून नको.

पोलोतही निवड डोळसपणे करावी. २०१३ ते २०१९च्या जीटी टीएसआयला सात गिअरचा ‘डीएसजी’ स्वयंचलित गिअरबॉक्स होता. यात कोरड्या क्लचप्लेटच्या दोन जोड्या असतात. मोकळ्या रस्त्यावर तो विजेसारखा गिअर बदलतो. पण चढावर, गर्दीत, इंच इंच सरकताना क्लच सतत घसरत राहतो आणि तापतो. याच घराण्याच्या गिअरबॉक्ससाठी फोक्सवॅगनने २०१३मध्ये जगभरातल्या सोळा लाख गाड्या ऑइल बदलायला परत बोलावल्या होत्या, कारण उष्ण, दमट हवेत त्यात विजेचे बिघाड होऊ शकत होते. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे असा सौदा करताना गाडी थंड असताना नव्हे, अर्धा तास पळवून तापल्यावर चढावर उभी करून पुन्हा उचलावी. धक्का बसला, पुढे-मागे घेताना अडखळली, डॅशबोर्डवर गिअरची अक्षरे लुकलुकली, तर कितीही चकचकीत असली तरी सोडून द्यावी. मेकाट्रॉनिक युनिटचे, म्हणजे या गिअरबॉक्सचे नियंत्रण करणाऱ्या भागाचे, काम निघाले की बिल लाखाच्या घरात जाऊ शकते. याउलट २०२० ते २०२२ची एक लिटरची, हाताने गिअर टाकायची सहा गिअरची पोलो हा भरवशाचा पर्याय आहे. तेच इंजिन आज टायगुन आणि व्हर्टसमध्ये येते, म्हणजे भाग मिळत राहतील.

तिसरी ह्युंदाईची ‘आय ट्वेंटी एन लाइन’. सप्टेंबर २०२१मध्ये आली, एक लिटर टर्बो, १२० अश्वशक्ती. चालवण्यातली मजा पोलोच्या किंचित खाली, पण नांदेडमध्ये अधिकृत सर्व्हिस आहे आणि बहुतेक सुटे भाग साध्या आय ट्वेंटीचेच. २०१८ची टाटा ‘टियागो जेटीपी’ही विचार करण्यासारखी आहे. ११४ अश्वशक्तीची ही गाडी किमतीने सर्वांत हलकी. पण ती दीड-दोन वर्षेच बनली, त्यामुळे चांगली मिळणे दुर्मिळ.

आता खर्चाचे बोलू. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरू. टर्बो गाडी आनंदाने चालवली तर लिटरला बाराच्या पुढे जात नाही. म्हणजे साधारण ८३३ लिटर. पेट्रोल १०५ रुपये धरले तर ८७ हजार ५०० रुपये. साधी छोटी गाडी लिटरला अठरा देते, तिचा हाच खर्च ५८ हजारांवर थांबतो. वेगाची हौस केवळ इंधनात वर्षाला तीसेक हजार मागते. त्यात आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यात जुन्या घडणीच्या मोटारींचे मायलेज त्याने सहा-सात टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. एप्रिल २०२३पूर्वीच्या गाडीत इंधनाच्या रबरी नळ्या आणि सील तपासून घेणे म्हणूनच आवश्यक.

विम्यात लहान इंजिनाचा मोठा फायदा आहे. जून २०२२च्या दरांनुसार वार्षिक थर्ड पार्टी हप्ता हजार सीसीपर्यंत २,०९४ रुपये, दीड हजार सीसीपर्यंत ३,४१६ आणि त्यापुढे एकदम ७,८९७, वर जीएसटी. पोलोचे नवे इंजिन ९९९ सीसी, एन लाइनचे ९९८. दोन्ही खालच्या गटात बसतात. विक्रेता ‘पन्नास टक्के नो क्लेम बोनस आहे’ म्हणून भाव वाढवत असेल तर ऐकू नका. तो बोनस माणसाचा असतो, गाडीचा नसतो. टायर, सर्व्हिस, ब्रेकपॅड मिळून वर्षाला पंचवीस-तीस हजार बाजूला ठेवावेत. आणि हातात पाच लाख असतील तर चार लाखांचीच गाडी पाहावी. उरलेला लाख पहिल्या वर्षी लागतो.

भाव करताना एक ताजी गोष्ट हाताशी ठेवा. २२ सप्टेंबर २०२५पासून चार मीटरच्या आतल्या, बाराशे सीसीपर्यंतच्या नव्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. नवी स्वस्त झाली की जुनीचा भावही उतरायला हवा. जुन्या शोरूम किमतीचा हिशेब मांडून कोणी दर सांगत असेल तर तो मान्य करू नये. दिल्लीच्या गाड्या स्वस्त दिसतात, कारण तिथे डिझेलला दहा आणि पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली गेली. पण ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्राचा वाहन कर आणि नवे पासिंग धरले की ती स्वस्ताई बरीचशी आटते. माझे मत एमएच बारा किंवा चौदा, म्हणजे पुणे किंवा पिंपरी-चिंचवड पासिंगची, एकाच मालकाने वापरलेली, सर्व्हिसच्या नोंदी असलेली गाडी घेण्याचे आहे.

एकंदरीत माहूर, किनवट, हदगावच्या टापूत राहणाऱ्याने एन लाइन घ्यावी. नांदेड-लातूरकराने हाताच्या गिअरची एक लिटर पोलो. सौदा ठरला की फॉर्म २९ आणि ३०वर सह्या घेऊन गाडी नावावर करून घ्या. कर्ज असेल तर बँकेचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका. आणि विमा आपल्या नावावर करण्यासाठी कायद्याने मालकी बदलल्यापासून चौदा दिवस दिले आहेत, तो अर्ज घाटात गाडी काढण्याआधी करा.